भिंतीपलीकडची शिस्त

चहा ओतून घ्या आधी. ही फजिती कोरड्या तोंडाने सांगवत नाही. आणि मधेच कोणी "मग काय झालं, मग काय झालं" केलं तर मी उठून जाईन. सांगतोय ना.

ठाण्याच्या एका औषधाच्या कंपनीत, भर दिवसा, अख्ख्या डिपार्टमेंटसमोर माझी जी शोभा झाली, ती कळायला तुम्हाला आधी आमची गल्ली कळली पाहिजे. गल्ली कळली नाही तर तुम्ही मला मूर्ख म्हणाल. कळली तरी म्हणाल, पण जरा हळू म्हणाल.

तर भिवंडी. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, आणि झोपायच्या खोलीची मागची भिंत ही कारखान्याची भिंत. कारखाना लूमचा, म्हणजे यंत्रमागाचाच, भिवंडीत दुसरा कशाचा असणार? चिंचोळा, लांबच लांब, वर पत्रे. मधे एक माणूस जाईल एवढी वाट आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना लूम. अलीकडची रांग आमच्या भिंतीला चिकटून. पलीकडची रांग समोरच्या भिंतीला, आणि त्या भिंतीमागे माझ्या थोरल्या काकांचं घर. म्हणजे काकांची उशी आणि माझी उशी यांच्यात अंतर किती, तर एक कारखाना. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवसपाळी, रात्रपाळी, खटाखट, खटाखट. मी जन्मलो तेव्हा पोर रडतंय की नाही हे सुइणीने कान लावून नाही, तोंड बघून ठरवलं, असं आई सांगते. आमच्या गल्लीत ज्याला कुजबूज म्हणतात त्याला बाहेरगावी भांडण म्हणतात. माझी आत्या गणेशपुरीला दिलेली. ती एकदा राहायला आली आणि रात्रभर कानात कापूस घालून भिंतीकडे बघत बसली, जसा काही भिंतीतून वाघ येणार आहे. आणि आम्ही तिच्याकडे गेलो की उलट. तिथे दिवा मालवला की एवढं गप्प होतं की मला वाटायचं, आपण मेलो बहुतेक. मग मी उठून अंगणात बसायचो.

मुद्दा काय, तर आम्हाला आवाजाने जाग येत नाही. आवाज थांबला की येते.

कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. शनिवारी सकाळी पुन्हा चालू. त्या शुक्रवारच्या रात्री आमच्या गल्लीत कोणी झोपत नाही. तान्ही पोरं किंचाळतात, म्हातारे जुनी भांडणं उकरतात, नवरा-बायको आठवड्यातून एकदाच एकमेकांचं बोलणं नीट ऐकतात आणि अबोला धरतात. शनिवारी सकाळी लूम लागले की सगळी गल्ली जिथल्या तिथे लवंडते.

आता काका. काका हायस्कुलातून रिटायर झालेले. शाळेतून रिटायर झाले, मास्तरकीतून नाही. रोज पहाटे, पाखरं उठायच्या आधी उठायचे, थंड पाण्याने आंघोळ करायचे आणि कल्याण रोडने कोन गावाच्या दिशेला फिरायला निघायचे. आणि उरलेला दिवसभर ते सांगत फिरायचे. "इतक्या वर्षांत एक दिवस नागा नाही. घड्याळ नाही, गजर नाही. स्वयंशिस्त." हा शब्द उच्चारताना ते डोळे मिटायचे. मला तो शब्द तेव्हापासून आवडत नाही.

मी बारावी सोडलेली. नापास झालो नाही, सोडली. हा फरक आमच्या घरात कोणाला कळत नाही. जे सर वर्षभर वर्गात पेपर वाचत बसायचे, त्यांनीच माझी हजेरी कमी म्हणून बाबांना बोलावून घेतलं. बाबा टेम्पो चालवायचे, कपड्याच्या गाठी वाहायचे. ते टेम्पो गेटवर लावून आले आणि त्या माणसापुढे हात जोडून उभे राहिले. सरांनी पेपर खाली ठेवला नाही. मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. काकांनी त्याला बेशिस्त म्हटलं. म्हणू देत. काकांनीही आयुष्यभर असेच बाप उभे केले असणार.

एका रविवारी काका आमच्याकडे आले, खाटेवर बसले आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, की त्यांचा एक जुना विद्यार्थी ठाण्याच्या औषधाच्या कंपनीत मोठा साहेब आहे. पॅकिंगच्या मशिनवर, पहिल्या पाळीला एक मुलगा हवाय. शिक्षण कमी असलं तरी चालेल, पण वेळेचा पक्का हवा. काका शब्द टाकायला तयार होते.

"पण माझा शब्द आहे," काका म्हणाले. "तो मी रस्त्यावर टाकत नाही. महिनाभर याने रोज पहाटे माझ्या दारात उभं राहायचं. मी बाहेर पडायच्या आत. आईने उठवायचं नाही, बापाने उठवायचं नाही. स्वतःचा स्वतः उठला तर नेतो."

मला ती नोकरी हवी होती. खोटं कशाला बोलू? काकांसाठी नाही, यशासाठी तर अजिबात नाही. नाक्यावर लोक बाबांना विचारायचे, "पोरगा काय करतो?" आणि बाबा टेम्पोचा टायर तपासायला खाली वाकायचे. हवा भरलेली असायची टायरात. मला ठाऊक होतं.

मी हो म्हणालो.

काकांनी मला एक गजराचं घड्याळ दिलं, वर दोन घंट्या असलेलं. मी ते स्टीलच्या ताटात ठेवलं, ताट डोक्याशी. सकाळी उठलो तेव्हा ऊन उंबऱ्यावर आलेलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ छातीवर बांधून झोपलो. आईला विचारलं, वाजलं का ते? आई म्हणाली, "वाजलं का न्हाय, कोनाला ठाव? लूम चालू व्हता." तिच्या मते तर घड्याळच मुकं होतं. मग आम्ही शुक्रवारी सुट्टीत ते वाजवून पाहिलं. अर्धी गल्ली दारात आली, कोणाकडे आग लागली म्हणून.

काकांच्या दारात मी रोज पोहोचायचो, पण काका फिरून, नाश्ता करून, पेपर वाचून झाल्यावर. ते पेपरावरून बघायचे. "या, सूर्यनारायण. आज लवकर उगवलात."

शेवटी डोकं चालवलं. मला जाग कधी येते? पाळी बदलते तेव्हा, लूम घडीभर थांबतात म्हणून. अख्खी गल्लीच तेव्हा उठते. पण तोवर काका कोनवरून परत आलेले असतात. म्हणजे मला आवाज नको होता, मला आवाजातलं एक भोक हवं होतं. माझ्यापुरतं, पहाटेचं.

आमच्या भिंतीशी रात्रपाळीला मुश्ताकभाई असायचा. आझमगडकडचा, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, दाढी करायचा कंटाळा आणि हसायची घाई. त्याच्याकडे चार लूम. दोन आमच्या भिंतीला, दोन समोरच्या भिंतीला, मधे तो. पाळीवर जाण्याआधी तो टपरीवर चहा प्यायचा. तिथे त्याला गाठला आणि सगळं सांगितलं. पहाटे अजान झाली की तू नमाजला बाहेर पडतोस, त्या आधी आमच्या भिंतीचे दोन लूम जरा बंद कर, मला जाग येईल.

मुश्ताकभाई हसायला लागला. एवढा हसला की चहा बशीत नाही, मांडीवर सांडला.

"पूरे खानदान को यही बीमारी है क्या?" तो म्हणाला.

मला वाटलं, बाबांबद्दल बोलतोय. बाबा एकदा सुट्टीच्या दुपारी टेम्पोचं इंजिन चालू ठेवून आत झोपले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"लेकिन सुन," तो म्हणाला. "लूम बंद रहा तो मेरा नुकसान। तू उठते ही दीवार ठोकना और आवाज देना। सिर्फ ठोकेगा तो मैं समझूँगा बिल्ली है।"

"क्या बोलूँ?"

"बोल, उठ गया मुश्ताकभाई, चालू करो। बस।"

मी त्याला शपथ घातली. कोणाला सांगायचं नाही. त्याने गळ्याला हात लावला आणि पुन्हा हसला.

दुसऱ्या दिवशी काय झालं विचारू नका. नाही, विचाराच. गाढ झोपेत होतो आणि एकदम कोणीतरी अंगावरची गोधडी ओढावी तसा आवाज ओढला गेला. सगळा नाही. दूरचे लूम चालूच, पण उशाशी एक खड्डा. मी ताडकन बसलो, भिंत ठोकली, ओरडलो, "उठ गया मुश्ताकभाई, चालू करो!" खटाखट परत सुरू झाली. परत लवंडायच्या आत मी नळाखाली डोकं घातलं आणि काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

काकांनी दार उघडलं आणि मला बघून दोन पावलं मागे गेले. भूत बघितल्यासारखे. मग म्हणाले, "एक दिवस कोणीही उठतं."

पण मी रोज उठत गेलो. रोज काकांबरोबर कल्याण रोडने कोनकडे. अंधारात ट्रक जायचे आणि काका बोलत असायचे. माणसाचा खरा शत्रू त्याचं अंथरूण. ज्याने पहाट जिंकली त्याने जग जिंकलं. काकांनी कुठलं जग जिंकलं होतं, हे मी विचारलं नाही, नोकरी हवी होती. तसे ते रोज ताजेतवाने असायचे. फक्त शनिवारी डोळे लाल, आणि वाक्यावाक्याला जांभई. मी विचारलं तर म्हणाले, "शुक्रवारी रात्री मी ध्यान करतो." माझेही डोळे शनिवारी लालच असायचे. मीही सांगितलं, ध्यान करतो.

आता इथपर्यंत मी फक्त लबाड होतो. पुढे मी गाढव झालो.

कसं असतं, रोज पहाटे उठणाऱ्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. गल्लीतल्या बायका आपल्या पोरांना दाखवायच्या, "बघ, त्यो बघ. कालेज सोडलं तरी कसा सुधारला." नाक्यावर मला चहा फुकट मिळायला लागला. आणि हळूहळू, हे मी शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यातून मुश्ताकभाई निघूनच गेला. भिंत मी ठोकत होतो, हाकही मारत होतो, पण ते तोंड धुण्यासारखं झालं. मला खरंच वाटायला लागलं की मी उठतो. शेजारच्या एका पोराच्या आईने विचारलं, काय करू म्हणजे हा उठेल? मी तिला काय सांगितलं असेल? "मनाला आदल्या रात्री बजावायचं. मनात घड्याळ असतं." आणि हे सांगताना, आईशप्पथ, मी डोळे मिटले.

काका तर हवेत होते. आपल्या हाताने मडकं घडवल्यासारखे मला घेऊन फिरायचे. शेवटी त्यांनी मला त्यांच्या हायस्कुलात नेलं, दहावीच्या पोरांसमोर बोलायला. मीही त्याच शाळेचा. ज्या बाकाखाली मी झोपायचो त्याच्यासमोर उभं राहून मी स्वयंशिस्तीवर भाषण दिलं. यश हवं असेल तर कोणावर अवलंबून राहू नका, असं सांगितलं. घड्याळ नको, निश्चय हवा, असं सांगितलं. पहिल्या रांगेत बसलेले मास्तर जांभया देत होते. एकाने भाषण संपल्यावर पाठ थोपटली आणि विचारलं, "तू कोणत्या कॉलेजात आहेस?" काकांनी त्यांना कोपराला हलकेच धरून बाजूला नेलं.

संध्याकाळी टपरीवर मुश्ताकभाई भेटला.

"सुना, भाषण दिया तूने। क्या बोला?"

मी सांगितलं. उठायला कोणाची गरज नसते, असं बोललो.

त्याने चहाचा एक घोट घेतला. "अच्छा बोला," म्हणाला. "कल से न उठाऊँ फिर?"

मी त्याच्या चहाचे पैसे दिले.

महिना भरला. काकांनी साहेबांना फोन केला आणि साहेबांनी बोलावलं शनिवारी सकाळी.

कोणाच्या डोक्यात आलं का, शनिवार म्हणजे काय? माझ्या डोक्यात नाही आलं. उलट बरंच वाटलं. शुक्रवारी झोप लागतच नाही, म्हणजे उशीर व्हायचा प्रश्नच नाही. रात्रभर सगळी गल्ली जागी होती, त्यात मीही होतो. आईने शर्टाला दोनदा इस्त्री केली. पहाटे बाबांनी मला आणि काकांना टेम्पोत बसवून स्टँडवर सोडलं. उतरताना माझ्या कॉलरवरचा धागा काढला. भिवंडीत कॉलरवर धागा नसलेला माणूस सापडायचा नाही. म्हणाले, "नीट बोल साहेबाशी. उलट बोलू नको." एवढंच. पण ते टायर न बघता बोलले, हे माझ्या लक्षात आलं.

एसटीत मला झोप यायला हवी होती. गाडी सगळीकडून खडखडत होती. पण काका शेजारी बसून बोलत होते, आणि काका बोलताना मधे मधे थांबतात, वाक्य मनात रुजू द्यायला. थांबले की मी जागा.

कंपनी मोठी होती. साहेब खरंच काकांच्या पाया पडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले की सरांनी तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय. फार काही विचारलंच नाही त्यांनी. ते आम्हाला आत घेऊन गेले, पॅकिंगला. पांढरं स्वच्छ डिपार्टमेंट, टोप्या घातलेल्या बाया, आणि कडेला एक मशिन, ज्यातून गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर पडत होत्या. समोर बाक.

"काम सोपं आहे," साहेब म्हणाले. "पट्ट्या ट्रेमध्ये पडतात. ट्रे भरला की हे लाल बटण दाबायचं आणि ट्रे बदलायचा. एवढंच. पण डोळा लागला की संपलं. दोन पोरं याच्यावरून काढली मी. म्हणून सरांना म्हटलं, शिस्तीचा मुलगा द्या."

काका म्हणाले, "हा माझ्या तालमीत तयार झालाय."

साहेबांनी मला बाकावर बसवलं, म्हणाले, जरा चालवून बघ, माझा एक फोन आहे, आलोच. काका माझ्या शेजारी बसले, माझी देखरेख करायला. साहेबांनी स्वतः मशिन चालू केलं आणि ते गेले.

खटाखट. खटाखट. खटाखट.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंय. मला नाही कळलं, कारण मी झोपलो होतो.

त्यामुळे आता सांगतोय ते साहेबांनी आम्हाला गेटपर्यंत सोडताना ऐकवलं, त्यावरून. ते परत आले तेव्हा ट्रे भरून वाहत होता. पट्ट्या टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून काकांच्या मांडीवर चढल्या होत्या. कारण काकाही झोपले होते. माझं डोकं काकांच्या खांद्यावर, काकांची हनुवटी माझ्या डोक्यावर. साहेबांनी हाक मारली. मग जोरात मारली. मग खांदा धरून हलवला, तर काकांनी कूस बदलल्यासारखं करून धोतराचा सोगा तोंडावर ओढून घेतला. बाया जमल्या. कोणी म्हणालं, डॉक्टरला बोलवा, दोघं एकदम गेले वाटतं. कोणी म्हणालं, गोळ्या खाल्ल्या का बघा. या सगळ्या गडबडीत एका बाईला सुचलं, आधी मशिन तरी बंद करा, आणि तिने लाल बटण दाबलं.

शांत झालं.

इथून मला आठवतं. मी ताडकन उठलो. शेजारी काका ताडकन उठले. मी समोर जे होतं ते ठोकलं, ते मशिन होतं. काकांनी टेबल ठोकलं. आणि आम्ही दोघं, एका दमात, एका सुरात ओरडलो:

"उठ गया मुश्ताकभाई, चालू करो!"

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मी आयुष्यात अनेक वेळा अपमान करून घेतलाय, पण एवढ्या शांततेत कधी नाही. एका बाईला हसू फुटलं, मग दुसरीला, मग सगळ्यांना. काकांच्या मांडीवरून गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून खाली पडत होत्या.

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, मुश्ताकभाई कोण?"

काकांनी धोतराचा सोगा सारखा केला. "आमचे शेजारी," ते म्हणाले.

"शाळेत यायला उशीर झाला की तुम्ही मला उठाबशा काढायला लावायचात, सर," साहेब म्हणाले. "मी रडायचो. तुम्ही म्हणायचात, मी घड्याळाशिवाय उठतो."

काका खाली वाकून पडलेल्या पट्ट्या गोळा करायला लागले. मी त्यांना असं गप्प पहिल्यांदाच बघत होतो, आणि खरं सांगतो, नोकरी गेल्याचं दुःख अर्धं तिथेच कमी झालं. उरलेलं अर्धं मात्र गेटवर आलं, कॉलरवरचा धागा आठवला तेव्हा.

परतीच्या एसटीत दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी मीच विचारलं.

"किती वर्षं?"

काकांनी घसा खाकरला. "मुश्ताक गेली पाच-सहा वर्षं. त्याच्या आधी त्याचा चाचा होता."

म्हणजे बघा. शिस्त पिढीजातच होती, फक्त आमच्या घराण्यात नव्हती. त्यांच्या घराण्यात होती. काकांचा नळ मुश्ताकभाईला वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, आणि त्याच्या बदल्यात काकांच्या भिंतीचे दोन लूम. महिनाभर तो बिचारा पहाटे एका हाताने मला उठवत होता आणि दुसऱ्या हाताने काकांना. आणि मग आम्ही दोघं कोनच्या रस्त्यावर एकमेकांना ध्यान शिकवत होतो.

"तू झोपलास म्हणून मला झोप लागली," काका म्हणाले.

मी उलट बोललो नाही. बाबांनी सांगितलं होतं.

संध्याकाळी मुश्ताकभाईला गाठला. सांगायचं तरी होतंस, म्हटलं. तो यावेळी हसला नाही.

"मास्टरजी ने कसम दी थी। तूने भी दी थी। मैंने दोनों निभाई," तो म्हणाला. "मेरी क्या गलती?"

काहीच नाही. चूक काढायला मला पहिल्यांदाच कोणी सापडलं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता हा माणूस महिनाभर टायरच तपासेल. तर बाबा हसायला लागले. टेम्पोच्या स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसले. "दादाला पन?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. मोठ्या भावाच्या शिस्तीचे टोमणे त्यांनी माझ्याहून जास्त वर्षं खाल्ले होते. त्याच आठवड्यात त्यांनी भिंतीमागच्या कारखान्याच्या सेठशी बोलून मला तिथे बदली कामगार म्हणून लावलं. मुश्ताकभाईनेच लूम शिकवला. आणि नाक्यावर कोणी विचारलं, पोरगा काय करतो, तर बाबा उभ्या उभ्या सांगायला लागले, "लूमवर हाय."

इथे थांबलो असतो तर ही यशाची कथा झाली असती. पण तुम्ही चहा प्यायलात फजितीसाठी.

पुढे मुश्ताकभाई बहिणीच्या लग्नाला मुलखात गेला आणि त्याचे चार लूम रात्रपाळीला माझ्याकडे आले. पहिल्याच संध्याकाळी काका दारात. इकडचं तिकडचं बोलले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मुश्ताक नाही म्हणे काही दिवस."

"नाही."

"मग ते पहाटेचं..."

"करतो ना काका. तुमच्या भिंतीचे दोन. अजान झाली की बंद."

"मी आवाज देईन," काका म्हणाले. "नेहमीसारखा." आणि जाता जाता वळले. "बघ हो. इतक्या वर्षांत एक दिवस नागा नाही."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्या माणसाने मला सूर्यनारायण म्हणून हिणवलं, त्याची पहाट आता माझ्या हातात होती. रुबाबात कारखान्यात शिरलो. सुताच्या कांड्या भरल्या, चारही लूम लावले आणि मधल्या वाटेत स्टूल घेऊन बसलो. दोन लूम पाठीशी, दोन पुढ्यात.

अंगाई एका बाजूने ऐकून मी एवढा मोठा झालो होतो. ती दोन्ही बाजूंनी ऐकली तर काय होईल, हा विचार कोणी केला होता? सेठने नाही. बाबांनी नाही. मनातल्या घड्याळावर भाषण देणाऱ्याने तर नाहीच.

एकदम शांत झालं. मी ताडकन उठलो, पुढ्यातली भिंत ठोकली आणि जीव खाऊन ओरडलो, "उठ गया मुश्ताकभाई, चालू करो!"

भिंतीच्या पलीकडून त्याच क्षणी ठोकल्याचा आवाज आला आणि काका ओरडले, "उठ गया मुश्ताकभाई, चालू करो!"

मग आम्ही दोघं वाट बघत राहिलो, ते तिकडे, मी इकडे. लूम काही सुरू होईना. पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलेलं. दारात दिवसपाळीची माणसं उभी, त्यांच्या पुढे सेठ, एक हात कमरेवर, दुसरा मेन स्विचवर. चारही लूमवर कपडा नव्हता, तुटलेल्या धाग्यांचं जाळं होतं. काकांनी पलीकडून पुन्हा ठोकलं, जरा चिडून.

मीही चिडलो. हा माणूस गेला कुठे, म्हणून इकडे तिकडे बघितलं. आणि मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की आज मुश्ताकभाई मीच आहे.